राखेखालचा विस्तव आणि दाजींचा गुडघा

नईम, मनामा, बहरीन
शुक्रवार, २२ ऑगस्ट १९९७

आदरणीय दाजींना,

लहूचा सविनय जय भीम. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल दीड पान लिहिलं होतंत आणि आईबद्दल चार ओळी, त्यावरून दुखणं बरंच असावं. मी पाठवलेलं तेल गुडघ्यालाच लावायचं आहे. मागच्या खेपेला ते आक्काने कपाटाच्या बिजागरीला लावलं असं कळलं. (बिजागरी आता कशी आहे?) आक्काची प्रकृती, तुमच्या शाळेतली गळती, मेढ्याचा पाऊस यांची खुशाली कळवावी. आम्ही इकडे तिघंही ठीक. अक्षताचं ऑफिस चालू आहे. मैत्री आता अकरा वर्षांची झाली. तिला मराठी सगळं समजतं, विशेषतः तिच्याविषयी बोललेलं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. उन्हाळा नेहमीसारखाच आहे. नळातून थंड पाणी म्हणून जे येतं, त्यात नुसती चहापत्ती टाकली तरी भागावं.

पत्र लिहायचं कारण, चूल. तुम्ही जूनमध्ये कळवलंत की आई रात्री तीन-तीनदा उठून चूल पेटवते, मागच्या माघात चुलीपुढे डुलकी लागून तिचा पदर जळाला, आणि डॉक्टर म्हणाले की अशी आणखी एक थंडी काढली तर छातीचं काही खरं नाही. अडुसष्ट वर्षांची बाई, डोंगरावरच्या वाडीत एकटी. तुमच्याकडे खाली मेढ्याला यायला ती तयार नाही (जावयाच्या दारात किती दिवस पडायचं, हे तिचं म्हणणं), आणि तुम्हाला वर चढून जाता येत नाही (गुडघा). तेव्हा तुम्ही आज्ञा केलीत की लाकडावर चालणारी, आकाराने लहान, घरात धूर न करणारी आणि एकदा भरली की सकाळपर्यंत जळणारी लोखंडी चूल बघून पाठव, 'तुमच्याकडे आखातात काय मिळत नाही!' दाजी, आखातात बरंच काही मिळतं. पण घर उबदार ठेवायची वस्तू इथल्या बाजारात मागणं म्हणजे काय, याची कल्पना तुम्हाला मेढ्यात बसून यायची नाही.

तरी मी मागितली. ऐन जुलैत मनामाच्या बाजारात दुकानादुकानांतून फिरलो. पहिल्या दुकानदाराने मला आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग विचारलं की घरी कुणाला फोन करायचा का. दुसऱ्याने एसी दाखवला. मी म्हणालो, एसी नको, ह्याच्या उलटं हवंय. तर तो म्हणाला, उलटं बाहेर फुकट मिळतं. तिसऱ्याने मात्र धंदेवाईकपणे वहीत नाव लिहून घेतलं आणि डिसेंबरात यायला सांगितलं, कारण थंडीत इथले लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात आणि तेव्हाच लाकूड, शेगड्या वगैरे माल येतो. (थंडी म्हणजे किती, तर आपल्याकडे जेवढ्यात लोक पंखा लावतात तेवढी. हे लोक मात्र लोकरीचे कोट घालतात.)

तुम्हाला माझा धंदा ठाऊक आहेच. मआमीरच्या वर्कशॉपमध्ये मी तपासनीस. दुसऱ्यांनी केलेल्या वेल्डिंगमध्ये खोट काढायची, असा पगारी स्वभाव झालेला. एखादी वस्तू पसंत करायची तर तीन पर्याय मांडून तुलनेचा तक्ता केल्याशिवाय मला घास गिळत नाही. अक्षताचं म्हणणं असं की लग्नाच्या वेळीही मी तक्ता केला असणार; मी त्यावर बोलत नाही. तर पर्याय पहिला: एका मासिकातल्या जाहिरातीतली अमेरिकन चूल. बारा तास जळते, पण वजन असं की ती आपल्या वाडीत न्यायला घाट उतरवून ठेवावा लागेल. पर्याय दुसरा: तंबूतली पत्र्याची शेगडी, तिसऱ्या दुकानदाराच्या माळ्यावर गेल्या वर्षीची एक शिल्लक होती. हलकी, स्वस्त, पण दीड तासात लाकूड खाऊन मोकळी होते आणि तेवढ्यात पत्रा लालबुंद. आईचा पदर तिच्या आसपास फिरकू द्यायचा नाही. पर्याय तिसरा अनपेक्षितपणे मिळाला, तो आमच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या स्कॉटिश साहेबाच्या दिवाणखान्यात.

हा साहेब सहा वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा कंपनीने त्याचं घरचं सगळं सामान आपल्या खर्चाने हलवलं होतं. सामान बांधणाऱ्यांना 'सगळं' सांगितलं, त्यांनी सगळं बांधलं. त्यात ही चूल आली. बिडाची, माझ्या गुडघ्याएवढी (माझ्या, म्हणजे न दुखणाऱ्या), पुढे दार, दाराखाली हवेची झडप, मागे धुराड्याचं तोंड. सहा वर्षं साहेबाने तिच्यावर मनीप्लांट ठेवला. आता तो कायमचा परत चाललाय, आणि चुलीचं पुन्हा भाडं भरायची कंपनीची तयारी नाही. मी विचारल्यावर त्याने मला ती देऊनच टाकली, वर पुस्तिकाही दिली. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं: रात्रभर जळते. आता मी इतकी वर्षं कारखान्यांच्या पुस्तिका वाचत आलोय. लिहिलेलं आहे म्हणून खरं मानलं असतं तर वर्कशॉपने मला कधीच हाकललं असतं. म्हणून चाचणी घ्यायचं ठरवलं.

आता ऑगस्टात चाचणी कशी घ्यायची? माझा हिशेब सरळ होता. रात्र म्हणजे आठ तास. आठ तास दिवसाही असतात, आणि मला सुट्टी शुक्रवारी. सकाळी सहाला पेटवायची, दुपारी दोनला बघायची. जागा, आमच्या इमारतीची गच्ची. मालकीणबाई मुनीरा, सत्तरीच्या, नवरा गेल्यावर तळमजल्यावर राहतात. त्यांना मी 'छोटंसं मशीन' म्हणून सांगितलं आणि त्या इंशाल्ला म्हणाल्या. धुराड्याची नळी मुख्तारने करून दिली. मुख्तार आमचा वेल्डर, पेशावरकडचा. मी रोज त्याच्या कामात खोट काढतो आणि रोज आम्ही एकाच डब्यातून जेवतो. चूल माझ्या आईसाठी आहे म्हटल्यावर त्याने नळीचा प्रत्येक जोड असा घातला की वायू भरून ठेवावा. मी सवयीने साबणाचं पाणी लावून तपासायला गेलो, तर म्हणाला, अम्माच्या चुलीतही खोट काढणार का? मला लाज वाटली, पण पाणी लावलंच. (खोट नव्हती.)

पहिल्या शुक्रवारी वर्कशॉपच्या खोक्यांची लाकडं भरली, झडप पूर्ण उघडली आणि पेटवली. सुंदर पेटली. मी समोर स्टूलावर वही घेऊन बसलो, डोक्यावर ओला टॉवेल, तापमान चव्वेचाळीस, त्यात चुलीचं वेगळं. पावणेदोन तासांत लाकडं संपली. त्याआधीच अक्षताने येऊन माझी नाडी बघितली होती. दुसऱ्या शुक्रवारी मी उलट केलं, झडप घट्ट बंद. त्याबरोबर आग गुदमरली आणि जो धूर निघाला म्हणता! गच्चीवर अख्ख्या इमारतीचे कपडे वाळत होते, त्यात मुनीराबाईंच्या मुलाचे पाच पांढरेशुभ्र लांब झगे. समोरच्या इमारतीतून कुणीतरी फोन केला आणि आगीचा बंब आला. चार जवान, एक अधिकारी, धापा टाकत वर. मी उठून उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं: हे खोली गरम करायचं यंत्र आहे, रात्रभर चालतं का ते पाहतोय. अधिकाऱ्याने आधी चुलीकडे बघितलं, मग सूर्याकडे, मग माझ्या ओल्या टॉवेलकडे. माझं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, दोन्ही बाजूंनी वाचलं. शेवटी फार हळुवार आवाजात विचारलं की सलमानियाच्या दवाखान्यात कधी दाखवलंय का. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, उशीर करू नका. झगे अक्षताने पुन्हा धुतले आणि त्या दिवशी माझं ताट माझं मला वाढून घ्यायला लावलं. मैत्री जेवताना म्हणाली, "पापा, व्हाय डोन्ट यू जस्ट ब्रिंग आजी हिअर? इट्स ऑलरेडी हॉट." मी तिला मोठ्यांच्या कामात मध्ये बोलू नये असं सांगितलं.

आज तिसरा शुक्रवार. सकाळी चूल पेटवून नुकते निखारे धरले होते तोच मुनीराबाई जिन्याचा कठडा धरून गच्चीवर आल्या. मला वाटलं, झालं, आता खोली खाली करायला सांगतात. त्या तडक चुलीकडे गेल्या. माझ्या स्टूलावर बसल्या, दार उघडलं, आत पाहिलं आणि अरबीत काहीतरी म्हणाल्या, जे भाषा न कळताही मला लागलं. मग नातवाला हाक मारून खालून एक ओंडका मागवला, त्यांच्या माहेरच्या अंगणातल्या तोडलेल्या बोरीचा. चिमट्याने निखारे मागे सारले, ओंडका त्यांच्या कुशीत ठेवला, त्यावर राख ओढून थापली आणि झडप अर्धं बोट उघडी ठेवून दार लावलं. हात झटकून म्हणाल्या, खलास. त्यांना जुन्या व्यापारी आळीतलं हिंदी येतं. कॉफीचा विस्तव त्यांच्याकडे लहानपणी असाच ठेवत, म्हणाल्या. दुपारी दोनला मी राख बाजूला केली तर आत निखारे लालभडक, फुंकर घातली तर ज्योत. आठ तास, पाच मिनिटं.

दाजी, मी वही मिटून बसलो. कारण हे मी पाहिलेलं होतं. आमची आई रोज निजण्यापूर्वी असाच विस्तव पुरायची: निखारे मागे, वर जाड लाकूड, वर राख, आणि त्यावर हात फिरवून एकदा थोपटायची. आमच्या वाडीला गावातल्या चुलीतून कुणी विस्तव देत नसे, काड्यापेटी दर वेळी परवडत नसे, तेव्हा स्वतःचा विस्तव स्वतःच राखायचा, एवढा साधा हिशेब होता. शेजारच्या चार घरांना सकाळी आमच्याकडचा निखारा जायचा. इतका मोठा तपासनीस झालो, तीन आठवडे गच्चीवर भाजून घेतलं, बंब आणवला, आणि जे आईच्या हातात आहे तेच पुस्तिकेत शोधत होतो. मुनीराबाईंनी विचारलं, अम्माजवळ कोण असतं? मी म्हणालो, कुणी नाही, म्हणून तर ही चूल पाठवतोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाल्या, 'खलास?' ह्या वेळी प्रश्न म्हणून.

असो. निष्कर्ष: पर्याय तिसरा, पसंत. वजन अठ्ठावन्न किलो, नळीसकट. कार्गोवाल्याशी बोललोय, समुद्रमार्गे दिवाळीच्या आत मुंबईला पोचेल. लाकडं वीतभर लांबीची तोडून ठेवावी लागतील, कारण आत तेवढीच मावतात. ती कोण तोडणार, हे तुम्ही ठरवा.

कळवण्यासारखं होतं ते सगळं वर आलंय. लोभ आहेच. आक्काला आणि शाळेतल्या मंडळींना जय भीम सांगावा.

तुमचा,
लहू

ता. क. (२९ ऑगस्ट) वरचं पत्र आठवडाभर टेबलावर पडून आहे. आमच्या वर्कशॉपचा ड्रायव्हर बाळाजी, गुहागरकडचा, उद्या रजेवर निघतोय, त्याच्या हाती देतो. चूल मात्र पाठवलेली नाही. कारण असं की मला एक गोष्ट गप्प बसू देईना. जी बाई सत्तेचाळीस वर्षं विस्तव विझू देत नाही, तिची चूल रात्री तीनदा विझते कशी? माझ्या धंद्यात याला म्हणतात, खोट भलतीकडे शोधली. आज आईला फोन लावला. (वाडीखालच्या किराणा दुकानात दर शुक्रवारी पाचला ती येऊन बसते, हे तुम्हाला माहीत आहे. चारपासून बसते, हे दुकानदाराने आज सांगितलं.) मी विचारलं, आई, चूल विझते का गं? तर केवढ्यांदा ओरडली, "इस्तू कसा इझंल? मी काय मेले का?" मग उठतेस कशाला? म्हणाली, झोप लागत न्हाई, चुलीपुढं बसून फुकलं की कोणतरी हाय असं वाटतं. मग दाजींना विझते म्हणून का सांगितलंस? त्यावर जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो: "एकटीला करमत न्हाई म्हटलं की तुमी दोघं चिडता. चूल इझती म्हटलं की पत्रं येत्यात."

दाजी, तुम्ही गुडघा पुढे केलात, मी अठ्ठावन्न किलो लोखंड. दोघांच्या मागे ती दिसेनाशी झाली. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, म्हणजे तुम्हाला आलं तर संकोच वाटायला नको.

ता. क. दुसरा. आता खरं काम. मैत्रीने सुचवलेला पर्याय मी तक्त्यात चौथा म्हणून लिहिला आणि पहिल्या तिन्हींवर काट मारली. आईसाठी व्हिजिट व्हिसा काढतोय, दिवाळीनंतर तीन महिने, म्हणजे थंडी इकडेच निघेल. तुम्ही तिच्या पासपोर्टचा अर्ज लगेच टाकायचा आहे. जन्माचा दाखला नसेल, तेव्हा प्रतिज्ञापत्र करावं लागेल. सही ती करते. साक्षरता वर्गात तुम्हीच शिकवलीत, 'इंदुबाई' लिहायला पूर्ण ओळ लागते, फॉर्मवाल्याला घाई करू देऊ नका. लोखंडी चूल डिसेंबरातल्या तंबूसाठी मुनीराबाईंनी मागून घेतली आहे. आई आली की दोघी तिच्यापुढे बसतील. एकीला मराठी येत नाही, दुसरीला अरबी, म्हणजे विस्तव कसा पुरायचा यावरून भांडण व्हायचं नाही.

ता. क. तिसरा, आणि हा आक्काला वाचून दाखवू नका, स्वतः वाचा. आई यायला तयार आहे, पण एका अटीवर. सासूने हाती दिलेला विस्तव ती तीन महिने विझू देणार नाही. शेजारणीवर तिचा विश्वास नाही. तुमच्यावर आहे. तिचे शब्द: "मास्तर मानूस हाय, नेमानं करंल." तेव्हा दिवाळीनंतर रोज सूर्य मावळायच्या आत तुम्ही वाडीवर चढायचं. निखारे मागे, जाड लाकूड, वर राख. थोपटायला विसरू नका, ती विचारणार आहे. मी हो सांगून बसलोय. उद्या बाळाजीबरोबर तेलाच्या चार बाटल्या येतील, त्या बिजागरीसाठी नाहीत.